पंच्याचं नेट

आमच्या ओटीवरच्या टेबलाला मधल्या सांध्यात एक भेग होती. फणसाच्या चार फळ्या जोडून गावातल्या सुताराने ते टेबल केलं होतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की भेग मिटायची आणि मार्च उजाडला की परत उघडायची. तिच्यावर चेंडू पडला तर उडायचाच नाही, नुसता घसरत जायचा. घरातल्या आम्हां भावंडांना ती जागा डोळे मिटून ठाऊक होती, बाहेरून खेळायला आलेल्याला नव्हती. नियमाचं टेबल नऊ फूट लांब नि पाच फूट रुंद असतं. आमचं आठ फुटांतच संपायचं, कारण पुढे ओटीचा खांब होता. पायांऐवजी खाली जांभ्याचे चिरे. आणि नेट म्हणून राजापुरी पंचा.

राजापुरी पंच्याचं नाव तेव्हा घाटावरसुद्धा होतं. आजोबांच्या अंगावर वापरून वापरून तो मऊ झाला की आजी आमच्या हवाली करायची. दुहेरी घडी घालून दोन रिपांना ताणून बांधला की नेट तयार. खेळ संपला की सोडून दोरीवर टाकायचा, कारण सकाळी कुणाला तरी तो अंग पुसायला लागेच. १९८१ साल होतं. मी अकरा वर्षांचा, ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि टेबलाचा खटाटोप करणारा दादा एकोणीसचा.

चेंडू मिळायचे बाजारपेठेतल्या एका दुकानात. अर्जुना आणि कोदवली एकदम चढल्या की जवाहर चौकात पाणी शिरतं, हे राजापूरकराला सांगायला नको. एका पावसाळ्यात त्या दुकानातला सगळा माल भिजला, वह्यांचा लगदा झाला, पण चेंडूंचा खोका पाण्यावर तरंगत माळ्याच्या पायरीपर्यंत आला. दुकानदाराने ते चेंडू आम्हांला निम्म्या पैशांत दिले. वर्षभर पुरले. चेंडू चेपला तर बंबातल्या कढत पाण्यात सोडायचा. पोचा भरून यायचा नि चेंडू गोल होऊन वर यायचा. फुटला तर नाकाशी धरायचा. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्यामुळे फुटलेल्या चेंडूला देवघरासारखा वास यायचा. तो वास आता जगात कुठल्याच टेबलावर येत नाही. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत प्लास्टिकचा चेंडू आला.

हे वेड आमच्या घरात आणलं गिरगावातल्या काकांनी. ते मे महिन्यात आणि गणपतीत यायचे आणि दर खेपेला एकच गोष्ट सांगायचे. १९५२ च्या फेब्रुवारीत मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात, टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती. काका तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. हिरोजी सातो नावाचा एक हडकुळा, चष्मेवाला जपानी खेळाडू आला, त्याच्या बॅटवर स्पंजचा जाड थर होता. तोवर सगळे दाणेदार रबराच्या बॅटने खेळत आणि बॅटच्या आवाजावरून समोरच्याला चेंडूचा जोर कळे. "अरे, आवाजच नाही त्या बॅटला!" काका हात हवेत फिरवून सांगायचे. "समोरचे मोठमोठे गडी कान देऊन उभे, नि चेंडू निघून गेलेला." सातो जगज्जेता झाला आणि त्या दिवसापासून हा खेळ पार बदलला. तो मुंबईत बदलला, याचा काकांना केवढा अभिमान होता! मलाही आहे.

मुंबईच्या त्या स्पर्धेत चीनचा संघ नव्हता. पुढच्या सात वर्षांत त्या देशाने काय केलं ते पाहिलं की मी आजही थक्क होतो. १९५९ साली डॉर्टमुंडला रोंग ग्वोत्वान जिंकला. कुठल्याही खेळातला चीनचा तो पहिला जगज्जेता. मग झुआंग झेडोंगने १९६१, १९६३ आणि १९६५ असं तीनदा अजिंक्यपद घेतलं. त्यानेच १९७१ मध्ये नागोयाला आपल्या बसमध्ये चुकून चढलेल्या ग्लेन कोवन या अमेरिकी खेळाडूला रेशमावरचं डोंगराचं चित्र भेट दिलं. त्याच महिन्यात अमेरिकेचा संघ बीजिंगला गेला आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष निक्सन. एवढी ताकद त्या अडीच ग्रॅमच्या चेंडूत होती. पण रोंग ग्वोत्वानचं काय झालं, हे काकांना ठाऊक नव्हतं, आम्हांलाही नव्हतं. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या त्या खेळाडूवर सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत हेरगिरीचा संशय घेतला गेला, छळ झाला आणि १९६८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे मी चाळिशी ओलांडल्यावर वाचलं. त्या रात्री मला काकांची फार आठवण आली. ते असते तर त्यांना सांगण्याचं धैर्य मला झालं नसतं.

त्या वेळी आमच्यापर्यंत बातमी यायची ती निकालापुरती. मुंबईचं वर्तमानपत्र एसटीने यायचं, खेळाच्या पानावर क्रिकेट मोठं आणि टेबल टेनिस तळाशी चार ओळी. १९८७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला जागतिक स्पर्धा भरली तेव्हा त्या चार ओळींसाठी मी रोज स्टँडवर जाऊन उभा राहायचो. १ मार्चला स्पर्धा संपली. पुरुषांत जियांग जियालियांगने स्वीडनच्या वाल्डनरला हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळवलं आणि आनंदाच्या भरात तो टेबलावर चढला. महिलांत चीनची हे झिली जिंकली. ताईने तिचा फोटो कात्रीने नीट कापून शिवणाच्या डब्यात ठेवला.

ताईबद्दल सांगायचं तर आमच्यात सर्वांत चांगली तीच खेळायची. दादाची ताकद जास्त, पण चेंडू कुठे टाकायचा याची समज ताईला होती. तिचा बॅकहँड बघायला शेजारची माणसं ओटीच्या कठड्यावर येऊन बसत. गावातल्या एका हॉलमध्ये खरं टेबल आल्यावर दादाबरोबर ती तिथे जाऊ लागली. दोन वर्षं गेली, मुलांना हरवलं. मग दहावी झाली, हॉलची वेळ संध्याकाळी सातची ठरली, आणि मुलींनी सातनंतर यायचं नाही, असं कुणीतरी सांगितलं. घरात कुणी विरोध केला नाही. मीही नाही. मी चौदा वर्षांचा होतो आणि माझ्या वाट्याला टेबल जास्त वेळ आलं, याचा मला आनंदच झाला होता. ही गोष्ट मला आजही बोचते.

हे झिलीची दिल्लीतली खरी हकिगत मला कळली ती पुष्कळ वर्षांनी. उपांत्य फेरीत तिच्यासमोर तिच्याच देशाची ग्वान जियान्हुआ होती. अंतिम सामना दक्षिण कोरियाच्या यांग यंग-जाशी होणार होता. तिच्याविरुद्ध ग्वान जास्त चालेल, असं चिनी प्रशिक्षकांचं गणित होतं, म्हणून हे झिलीने हा सामना सोडावा असा हुकूम झाला. त्या संघात तेव्हा असे हुकूम होत आणि पाळलेही जात. हे झिलीने तो मोडला. ती खेळली, जिंकली, मग अंतिम सामनाही जिंकली. ताईने कापलेल्या फोटोतली बाई नुसती जगज्जेती नव्हती, आपल्याच माणसांना 'नाही' म्हणून आलेली होती. पुढच्या वर्षी सोलला ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिस पहिल्यांदा आलं, आपल्याकडून कमलेश मेहता आणि सुजय घोरपडे तिथे खेळले, आणि विद्यमान जगज्जेतीला चीनने संघातच घेतलं नाही. ती लग्न करून जपानला गेली, कोयामा चिरे झाली आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत जपानकडून खेळताना तिने डेंग यापिंगला हरवून सुवर्ण घेतलं. चीनमध्ये तिच्यावर केवढा राग धरला गेला! माझं मत विचाराल तर दिल्लीत तिने केलं ते बरोबर केलं. हरण्यासाठी टेबलासमोर उभं राहायला सांगणं हा खेळाडूचा सर्वांत मोठा अपमान आहे.

मी ही हकिगत ताईला फोनवर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला हरायला सांगायला तरी कोणी होतं रे. मला कोणी काही सांगितलंच नाही. नुसती वेळ बदलली."

ताईच्या काळीही वाट होतीच, हे आता कळतं. आपल्या शैलजा साळोखे यांना १९७६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळालेला होता. राजापुरात बसून ते नाव आम्हांला कुणी सांगितलं नाही. आज ठाण्याच्या मधुरिका पाटकर आणि पुण्याच्या पूजा सहस्रबुद्धे ही नावं शोधावी लागत नाहीत. २०१८ च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी सिंगापूरला ३-१ हरवून सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या संघात या दोघी होत्या. अंतिम लढतीत मधुरिका एकेरीचा सामना हरली आणि लगेच मौमा दासबरोबर दुहेरीत उतरून जिंकली. तो सामना मी मुंबईत घरी बघितला आणि आपलंच कुणी खेळत असल्यासारखा घसा कोरडा पडला. २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. मुंबईची दिया चितळे त्यांच्याही मागून आली, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळली.

खेळाचं रूप मात्र माझ्या ओळखीचं उरलेलं नाही. आमचा डाव एकवीस गुणांचा असायचा आणि पाच-पाच सर्व्हिस. पंधरा-वीस असा मागे पडलेला माणूस सावरून, श्वास घेऊन, परत वर यायचा. २००१ पासून अकरा गुणांचा डाव आणि दोन-दोन सर्व्हिस. चेंडू ३८ मिलिमीटरचा होता, तो २००० साली ४० चा केला, वेग जरा कमी व्हावा आणि टीव्हीवर दिसावा म्हणून. जियांगसारखी पेन धरल्यागत बॅट धरणारे चिनी आम्ही डोळ्यांपुढे आणायचो आणि तशी बॅट धरून बोटं सोलवटून घ्यायचो. आता खुद्द चीनचे पहिल्या फळीतले खेळाडू बहुतेक हस्तांदोलनासारखी बॅट धरतात. २०२४ ला पॅरिसमध्ये चीनने पाचही सुवर्णं नेली, पण पेनची पकड तिथे पदकापर्यंत नेली ती सतरा वर्षांच्या फेलिक्स लेब्रून या फ्रेंच पोराने. त्याला ब्राँझ मिळालं तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

बदल झाले त्याचं मला वाईट वाटत नाही. एकवीसचा डाव मला आवडायचा, एवढंच. मला खुपतं ते वेगळंच.

गेल्या गणपतीला राजापूरला गेलो. एकेकाळी एसटीने रात्र काढून जायचो. आता राजापूर रोड स्टेशनला उतरलो आणि तासाभरात घरी. ओटीवर झोपाळा आहे. टेबल नाही, त्याच्या फळ्यांची दादाने केव्हाच कोठीत मांडणी केली. झोपाळ्यावर दादाची नात मोबाइल घेऊन बसली होती, सहावीत आहे. बघते तर काय, सुन यिंगशा! फेब्रुवारी २०२४ मधली बुसानची लढत. भारताच्या अहिका मुखर्जीने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं, मग श्रीजा अकुलाने वांग यिदीला, आणि तरीही चीनने ३-२ अशी लढत काढली. अहिकाच्या बॅटची एक बाजू चेंडूची फिरकी मारून टाकते, हे त्या पोरीने मला समजावलं. चेंडू परत कसा मंद जातो, सुन यिंगशा क्षणभर कशी थबकते, सगळं हाताने दाखवलं. माझ्या काकांनी दाखवलं होतं तसंच. सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत बॅटचा आवाज हरवला होता, इथे फिरकी.

"तू खेळतेस का गं?" मी विचारलं.

"कुठे खेळू, आजोबा?"

मी चार ओळींसाठी स्टँडवर उभा राहायचो. हिला जगातला प्रत्येक सामना झोपाळ्यावर दिसतो, मागे नेऊन परत बघता येतो, जगज्जेतीच्या मनगटाचा कोन थांबवून पाहता येतो. पण आम्हांला टेबल होतं. वाकडं, भेगाळलेलं, आठ फुटांचं, पण रोज चार तास आमचं होतं. समोर ताई होती आणि ती सोडायची नाही. चीनने शाळाशाळांत, गल्लीगल्लीत, सिमेंटची आणि दगडाचीसुद्धा टेबलं मांडली, त्यातून ही माणसं निघाली. ती नुसती बघून निघाली नाहीत.

कोठीतल्या फळ्या दादाने आणि मी दुसऱ्याच दिवशी उतरवल्या. दोन कुजल्या होत्या, दोन शाबूत. नव्या दोन आणून सुताराकडून जोडून घेतल्या. गौरीविसर्जनानंतर ताई देवरूखहून आली. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची जवळ ठेवली होती, ती तिने वापरली नाही. नातीला समोर उभं केलं आणि पहिल्याच तासात तिला बॅकहँड धरायला शिकवला. नेट आणायला कुणी गेलं नाही. पंचा होता.

राजापूरला, लांज्याला, देवगडला, कुठल्याही गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या मे महिन्यात घरी जाल तेव्हा मिठाईच्या खोक्याबरोबर डझनभर चेंडू आणि दोन बॅटी न्या. घरात फळ्या असतील तर त्या खाली उतरवा. आणि मुलगी खेळत असेल तर सातनंतर दिवा तुम्ही लावा.