उंट बांधल्यानंतर

मृग लागला की आमच्या जालना जिल्ह्यात बियाण्याच्या दुकानांसमोर गर्दी होते. कुणी उधारीवर पिशव्या उचललेल्या असतात, कुणी घरातला दागिना गहाण ठेवून. पाऊस मात्र दुकानदाराच्या वहीत लिहिलेला नसतो. तरीही काही शेतकरी धूळपेरणी करतात, म्हणजे आभाळात ढगाचा पत्ता नसताना कोरड्या मातीत सरकी टाकून मोकळे होतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरा दिवस पुढे, नाही आला तर दुबार पेरणी. येमेनच्या काही लोकांनी स्वतःला तवक्कुल करणारे म्हणवून घेतले, तेव्हा ह. उमर (रजि.) यांनी त्यांना टोकले होते, असे सांगितले जाते. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, जो जमिनीत दाणा टाकतो आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवतो, तोच खरा तवक्कुल करणारा. आम्ही पगारदार माणसे, महिन्याच्या हिशेबाने जगणारी. या विषयात भोकरदन-परतूरचा कोरडवाहू शेतकरी आमच्यापेक्षा चार इयत्ता पुढे आहे, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या घरांत ‘अल्लाह मालिक’ हे शब्द दिवसातून दहादा उच्चारले जातात. गॅस संपत आला, अल्लाह मालिक. मुलीचे स्थळ जमत नाही, अल्लाह मालिक. पण हे शब्द कधी खांदे उडवून म्हटले जातात, तर कधी सुस्कारा सोडून. खांदे उडवणाऱ्यांसाठी उंटाची हदीस आहे आणि ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की उंट बांधून तवक्कुल करू की मोकळा सोडून? उत्तर मिळाले की आधी बांध, मग तवक्कुल कर. तिर्मिजीमधील ही हदीस आळशी माणसाला जागे करायला फार उपयोगी पडते. खाटल्यावर देणाऱ्या हरीची वाट बघणारे सगळ्याच समाजांत असतात.

पण त्या उत्तराला दुसरा अर्धा भागही आहे आणि तो आपण घाईने वाचतो. उंट बांधल्यानंतर काय? आमच्या पाहण्यातली बहुतेक सुशिक्षित कुटुंबे उंट चांगला दोन गाठी मारून बांधतात आणि मग रात्रभर दोरी हातात धरून उभी राहतात. नोकरी आहे, विमा आहे, मुलाला शिकवणी लावली आहे. तरी फजरला उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रात्रीचा हिशेब तसाच असतो. सूरह आले-इमरानमधील १५९ व्या आयतीतला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सल्लामसलत, मग निश्चय, मग अल्लाहवर भरवसा. उहुदच्या लढाईत फटका बसल्यानंतरच्या संदर्भात ही शिकवण आली आहे. म्हणजे सगळे सुरळीत असतानाची ही गोष्ट नव्हे.

आम्हाला या बाबतीत ह. हाजरा (अलै.) यांची आठवण नेहमी होते. ओसाड खोऱ्यात पतीने सोडले, तेव्हा त्यांनी एकच विचारले की हा अल्लाहचा हुकूम आहे का? हो म्हटल्यावर त्या निश्चिंत झाल्या. पण मशकीतले पाणी संपल्यावर त्या बाळाशेजारी बसून राहिल्या नाहीत. सफा ते मरवा, सात फेऱ्या. आणि गंमत पाहा, पाणी ना सफावर मिळाले ना मरवावर. जिथे त्या धावल्या तिथे ते नव्हतेच, ते बाळाजवळ निघाले. आज हज-उमराहला जाणारा प्रत्येक जण त्या धावण्याचीच आठवण पावलांनी गिरवतो. प्रयत्न कुठे करायचा ते आपल्या हाती, फळ कुठून येईल ते नाही.

पाण्याचाच विषय निघाला आहे तर २०१२-१३ चा दुष्काळ आठवावा. जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वीस-वीस वर्षे जपलेल्या झाडांवर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवली. शहरात टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बाया आणि शाळेत पाण्याची बाटली जपून वापरणारी मुले आम्ही पाहिली. अशा वर्षी ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का होते. लोक तौबा करतात, सदका देतात, आणि प्रेषितांच्या (स.) सुन्नतीप्रमाणे इमाम अंगावरची चादर उलटी करतात, की या अल्लाह, आमची अवस्थाही अशीच पालटून टाक. त्याच काळात जालना शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव कोरडा पडला होता आणि शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसायला घेतला. शेतकऱ्यांनी तो गाळ आपापल्या रानात नेऊन टाकला. पाऊस पडलेला नव्हता, कधी पडेल ते कुणी सांगू शकत नव्हते, तरी तलाव खोल केला जात होता. पाऊस येणारच यावर ज्याचा भरवसा नाही, तो कोरडा तलाव कशाला खणेल? या शहराला ही सवय जुनीच आहे म्हणा. काळी मशीद बांधणाऱ्या जमशेदखानानेच इथला मोती तलावही बांधला. सजद्याची जागा आणि पाण्याची जागा, दोन्ही एकाच माणसाच्या हातून.

ही वाट फक्त आपलीच आहे असेही नाही. जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवली. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसाने १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे जालन्यात येऊन गावकुसाबाहेरच्या लोकांत काम केले. वस्तीसाठी जमीन दिली निजामाच्या राज्याने, सालारजंगांच्या काळात. मुसलमान राज्याच्या जमिनीवर ख्रिस्ती गाव उभे राहिले, ही आमच्या जिल्ह्याची गोष्ट मुलांना सांगायला आम्हाला आवडते. अशीच गोष्ट पंडिता रमाबाईंची. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. अमेरिकेतल्या मदतमंडळाने पैसे देण्याची हमी ठराविक वर्षांपुरती आणि पुण्याच्या शारदा सदनासाठी दिलेली होती, या तीनशे जणींचे जेवण त्या हिशेबात नव्हते. त्यांनी देवावर हवाला ठेवला आणि केडगावच्या जमिनीत विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींना खिळे जुळवायला शिकवले. अकीद्यात त्यांचा आणि आपला फरक आहे, तो लपवण्याचे काही कारण नाही. पण हात कामात आणि मन निश्चिंत, हे त्यांच्याही जगण्यात दिसते आणि ते पाहून आपली मान खाली जात नाही, उलट शेजारी ओळखीचा वाटू लागतो.

आता थोडे कडू बोलतो. भरवसा डळमळला की माणूस नुसता काळजी करत बसत नाही, तो चुकीची दोरी शोधतो. रोजीच्या भीतीने व्याजाचे पैसे घरात येतात. लोक काय म्हणतील या भीतीने ऐपतीबाहेरचे लग्न होते आणि मग वधूपिता पाच वर्षे फेडत बसतो. आणि आमच्या शाळेच्या जगात ही चुकीची दोरी म्हणजे कॉपी. सरकार दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवते, भरारी पथके येतात. पण खिडकीखाली चिठ्ठी घेऊन उभा असलेला मोठा भाऊ काही सरकारने पाठवलेला नसतो. तो घरातूनच आलेला असतो आणि त्याच घरात सकाळी मुलाच्या यशासाठी दुआ मागितलेली असते.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर एक आई आमच्याकडे आली. नवरा लोखंडाच्या कारखान्यात रोजंदारीवर, मुलगा उर्दूत हुशार, मराठीत बरा, गणितात कच्चा. केंद्रावर आमची ड्युटी लागते हे तिला ठाऊक होते. म्हणाली, “आपा, आम्ही तर अल्लाहवर सोडलंय. पण त्या दिवशी तुम्ही जरा बघून घ्या.”

आम्ही तिला चहा दिला. मग विचारले, “अल्लाहवर सोडलंय ना? मग हा ‘पण’ कुणावर सोडलाय?”

ती रागावली नाही. बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. आम्ही तिला सांगितले की बांधायला दोरी हलालच हवी, दुसऱ्याच्या दोरीने बांधलेला उंट आपला होत नाही. मुलाला रोज संध्याकाळी पाठवा, आम्हाला गणित शिकवता येत नाही पण शाळेत शिकवणारे आहेत, ते बसतील. मुलगा अडीच आठवडे न चुकता आला. परीक्षेला त्याने जे येत होते ते लिहिले.

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, गणितात सहा गुणांनी नापास. त्या दिवशी दुपारी ती दाराशी आली तेव्हा, खरे सांगायचे तर, काय बोलावे याची आम्ही मनातल्या मनात तयारी करत होतो. सब्र, तकदीर, जे काही आपण अशा वेळी म्हणतो ते. तिच्या हातात ऑनलाइन निकालाची प्रिंट होती, चार घड्या केलेली. ती खुर्चीवर बसलीही नाही. तिने पिशवीतून मुलाचा फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स काढली आणि विचारले,

“आपा, जुलैच्या परीक्षेचा फॉर्म कधीपासून भरायचा?”