पुलापलीकडचं दुकान

हरभऱ्याला ओलीत सुरू आहे, स्प्रिंकलरचे पाइप बदलायला दोन गडी लागतात. काल हप्त्याची मजुरी दिली, आज एकही नाही. गेले असतील पुलापलीकडं.

आपल्या वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. पण पुलगावहून नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, तिथं बंदी नाही. मी शाळेत होतो तेव्हा तिकडं एका घरचं एकच दुकान होतं. आता बाप, पोरं, पुतण्या मिळून चार. राज्यात वाइन शॉपचे नवे परवाने कित्येक वर्षांपासून बंद. ज्याच्याजवळ पैसा, तो जुना परवाना विकत घेऊन दुकान वाढवतो. धंदा पक्का आहे त्यांचा, खोटं कायले बोलू. आपण भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवतो, त्यांचा माल रोज नगदी.

2022 मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं होतं, शेतकऱ्याचं भलं होईल म्हणे. द्राक्षवाल्याचं झालंही असतं. आपल्या पऱ्हाटीची कोणती वाइन होते?

सकाळी एका गड्याची बायको बांधावर आली. म्हणे, "काका, पुढच्या हप्त्याचे पैसे माझ्या हातात द्या." मी हो म्हणून बसलो. आता त्याले काय सांगू? काम तर त्यानं केलं. तुम्ही कोणाच्या हातात देता, भाऊ?