वरातीची घोडी

बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता ग्वाल्हेरला उतरता येते. मे महिन्यात मावशीच्या नातवाच्या लग्नाला आम्ही असेच गेलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच गरम झळ अंगावर आली. तिकडे या वाऱ्याला 'लू' म्हणतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणे तिथे नवलाचे नाही.

मावशीचे घर लष्करात. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, छावणीचे शहर झाले आणि नाव 'लष्कर'च राहिले. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांच्या मागोमाग आलेली मराठी घराणी अजून तिथे नांदतात. आपल्या मराठीत कन्नड मिसळते, तशी त्यांच्या मराठीत हिंदी.

सकाळी फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी पाहिली. जून १८५८ मध्ये, अशाच उन्हाळ्यात, त्या ग्वाल्हेरच्या लढाईत पडल्या. ओढ्याकाठी त्यांचा नवा घोडा अडला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. समाधीजवळ त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे.

संध्याकाळी वरातीसाठी घोडी आली. पांढरीशुभ्र, जरीची झूल, कपाळावर गोंडे. पण ती सारखी पाय आपटत होती, शेपूट फटकारत होती. "अय्यो, किती नोणं!" आई म्हणाली. मावशीच्या सुनेला कळेना. 'नोण' म्हणजे माशी, हे मी सांगितले. आईने झूल बाजूला केली तर पोटपट्ट्याखाली ओली जखम, तिच्यावर माश्यांचा थर.

घोडीवाले चाचा खाली मान घालून म्हणाले, "लग्नसराईचे दोन महिने, त्यावरच वर्ष काढायचे. एक दिवस बांधून ठेवली तर खाणार काय?" बँडवाले खोळंबले, मंडळी कुजबुजू लागली. मावशी मात्र ठाम. तिने ठरलेले पैसे पूर्ण दिले, घोडी परत पाठवली आणि नवरदेव मांडवापर्यंत चालत गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांच्या तबेल्यात गेलो. त्यांना कळत सगळे होते, सवड नव्हती. भर दुपारी लू सुटली की माशाही सावली शोधतात आणि तबेल्यातच शिरतात. लीद आणि भिजलेला पेंढा हे त्यांचे माहेर. उन्हाळ्यात अंड्यापासून घरमाशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून लीद रोज उचलायची, उकिरडा तबेल्यापासून लांब झाकून ठेवायचा, जमीन कोरडी राखायची. माशी उडण्यात दुबळी असते, त्यामुळे एक साधा पंखाही तिला टिकू देत नाही. डोळ्यांवर गोंड्यांची झालर किंवा जाळी असावी, डोळे ओल्या फडक्याने पुसावेत. कोंदट जागी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर मात्र करू नये. माशी जाईल, पण घोड्याची छाती भरेल.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी जखम धुऊन मलमपट्टी केली. त्यांनी बजावले, की गुरांच्या गोचिडांवरचे अमिट्राझ घोड्याला कधी लावू नका, आतड्यांची हालचाल थांबून जिवावर बेतते. रक्त पिणाऱ्या गोमाश्यांमुळे घोड्यांना 'सर्रा' हा रोगही होतो. त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे शोधले.

पांढऱ्या घोड्यांवर या गोमाश्या कमी बसतात, असे हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. काळ्या अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांना पाण्यासारखा भासतो. मी हे चाचांना सांगितले. ते हसले, "मास्टरजी, जखमेला रंग नसतो."

निघायच्या दिवशी मी पुन्हा तबेल्यात डोकावलो. छताला जुना पंखा फिरत होता. मावशीच्या माळ्यावर पडून असलेला तो तिच्या मुलाने आणून बसवला होता. घोडी डोळे मिटून स्वस्थ उभी होती, शेपूटही हलत नव्हते.

आपल्याकडेही लग्नात घोडी येते. तिची झूल एकदा उचलून पाहायला वेळ कितीसा लागतो?