अंश आणि छेद

क्रिकेटच्या धावफलकात फलंदाजाच्या नावापुढे धावा लागतात, गोलंदाजाच्या नावापुढे बळी. क्षेत्ररक्षकाच्या वाट्याला येते ते फक्त एक अक्षर : 'झे.' चेंडू हातून सुटला तर धावफलक मौन पाळतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाच्या चुकांना स्वतंत्र रकाना असतो. खेळाडूच्या कारकिर्दीतील बिनचूक क्षेत्ररक्षणाचे प्रमाण त्याच जागेवर खेळणाऱ्या इतरांच्या सरासरीशेजारी मांडले जाते. म्हणजे तिथे अंशही असतो आणि छेदही.

आमच्याकडे अशा हिशोबासाठी पहिले नाव सुचते ते एकनाथ सोलकर यांचे. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावरील माळ्याचा हा मुलगा 27 कसोटी खेळला. फलंदाजीची सरासरी 25.42, बळी अवघे 18, तेही प्रत्येकी 59.44 धावा मोजून. या आकड्यांवर कुणी कुणाला स्मरणात ठेवत नाही. पण झेल 53! दर कसोटीला 1.96. बॉबी सिम्पसन यांचे 62 कसोटींत 110, म्हणजे 1.77, राहुल द्रविड यांचे 164 कसोटींत 210, म्हणजे 1.28, सुनील गावसकर यांचे 125 कसोटींत 108, म्हणजे 0.86. किमान 20 कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत सोलकरांचे प्रमाण सर्वोच्च मानले जाते.

मात्र ही तुलना सरळ नाही. सीमारेषेवर उभ्या असलेल्याची आणि शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटीपासून दोन हातांवर, शिरस्त्राणाविना वाकून राहणाऱ्याची सरासरी एक कशी काढणार? शिवाय सोलकरांच्या पाठीशी बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन होते. संधी तेच निर्माण करीत. उलट बाजूही तितकीच खरी. 1971 च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. त्यात वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा जो झेल सोलकरांनी घेतला, तो बळी हिशोबात वेंकटचा. त्या झेलाचे श्रेय दोघांत कसे वाटावे, हे कोणतीही वही सांगत नाही. आणि सोलकरांकडे एकूण किती संधी आल्या, हे तर धावफलकांनी कधी टिपलेच नाही. 53 हा अंश आहे. छेद हरवला आहे.

हे सारे आम्हांस इतके का लागावे? आमच्या जासईत भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत टेनिस चेंडूचे सामने रंगत. आमचे धाकटे काका त्या संघात अकराव्या क्रमांकावर खेळत. ते गेल्यावर संघाच्या जुन्या वह्या आमच्या हाती आल्या. त्यांत काकांच्या नावापुढे बहुधा 'नाबाद 0' किंवा 'फलंदाजी नाही', आणि एवढ्या वर्षांत झेल अवघे सात. मग त्यांना दरवर्षी संघात घेत तरी कशासाठी? वहीत उत्तर नाही.

गावात चौकशी केली. एका अंतिम सामन्यात काकांच्या हातून सुटलेला झेल चार जणांनी, चार तऱ्हांनी, पण तत्परतेने सांगितला. आमच्या ध्यानात आले की वही घेतलेले झेल जपते आणि गाव सुटलेले. अंश एकीकडे, उणे दुसरीकडे. दोन्ही जुळवले तरी माणूस पुरा होत नाही. अखेर त्या काळच्या एका गोलंदाजाने सहज सांगितले, 'तो कव्हरला उभा असला की तिकडे कोणी धाव घेत नसे.'

न घेतलेल्या धावा! त्यांना रकाना कुठला द्यावा? सोलकर जवळ उभे आहेत म्हणून ज्या फलंदाजाने पुढचा पाय रोखला आणि पुढच्या चेंडूवर जो त्रिफळाचीत झाला, त्याचा बळीही त्यांच्या 53 मध्ये नाही. सोलकर 2005 साली गेले. त्यांच्यासाठी निदान एक आकडा उरला, तोही जगात सर्वांत वरचा.

काकांच्या सातांची तुलना करावी अशी सरासरी कोणत्याच वहीत नाही. म्हणून त्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आम्ही गोलंदाजाचे ते वाक्य शाईने उतरवून ठेवले आहे, खाली आकडा न लिहिता.