कुत्र्यासह प्राणहितेच्या काठाने

चंद्रपूरच्या स्थापनेची दंतकथा आपण ऐकली असेलच. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह अंगावरील गाठींनी त्रस्त होता. शिकारीत तहान लागली तेव्हा झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी तो प्याला, त्याने हातपाय धुतले आणि त्याची व्याधी ओसरली. पुढे तेथेच एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला आणि राणीच्या सल्ल्याने त्या जागी नवे नगर वसले, असे सांगतात. आजारी माणूस, नदी आणि सोबतीचा कुत्रा यांचे नाते या भूमीत असे जुने आहे.

आजही अनेक घरांत ज्येष्ठांचे संध्याकाळचे फिरणे कुत्र्यामुळेच टिकून असते. मात्र ‘याला कोणाकडे ठेवायचे?’ या एका प्रश्नापायी त्यांचा प्रवास कायमचा थांबतो. त्याला बरोबर घेऊनच निघता येईल, असा हा मार्ग आहे.

बल्लारपूरला समुद्र नाही. परंतु गर्दीपासून आणि हॉटेलांपासून दूर राहिलेला दीर्घ नदीकाठ आहे. वर्धेकाठच्या किल्ल्यापासून सकाळी निघावे. कोठारी, गोंडपिपरीवरून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडावी. चामोर्शीच्या बाजूला मार्कंड्याची कोरीव मंदिरे आहेत. तेथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा एकत्र येतात आणि त्या प्रवाहाला प्राणहिता हे नाव मिळते. सुमारे ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातील काळेश्वर दिसते. आलापल्लीच्या सागवनातून जाणारी ही वाट तीन-चार दिवसांत, दुपारी विसावा घेत करावी. डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळा माणसाला आणि कुत्र्याला सारखाच घातक असतो.

नदीकाठी तंबू ठोकण्याचा मोह मात्र आवरावा. हा वाघ-बिबट्यांचा मुलूख आहे आणि बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य वाटते. मुक्काम तालुक्याच्या गावी, विश्रामगृहात किंवा परिचितांकडे करावा. कुत्रा बरोबर असल्याचे आधीच कळवावे. काठावर बसणे दिवसाउजेडी, वस्तीजवळच असावे. ताडोबा किंवा चपराळा अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये. मार्कंड्याला मंदिर पाहताना एकाने सावलीत त्याच्याजवळ थांबावे. बंद गाडीत त्याला काही मिनिटेही ठेवू नये. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो आणि तापलेल्या गाडीत ते त्याला शक्य होत नाही.

सोबत करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. वाळूवर किंवा उतारावर कुत्र्याची दोरी ज्येष्ठांच्या हाती देऊ नये, त्यांच्या मनगटाला तर गुंडाळूच नये. एका अकस्मात हिसक्याने तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. सपाट जागी, काठीचा आधार असताना, त्याला केवळ शेजारी चालू द्यावे. तेवढ्यानेही फिरण्याचा आनंद मिळतो.

निघण्यापूर्वी कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण पूर्ण असल्याची खात्री करावी. वाटेत कोणताही कुत्रा चावला वा ओरखडला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संध्याकाळी कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावी. गडचिरोलीत हिवतापाचा धोका असल्याने मच्छरदाणी विसरू नये. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना प्रवास सांगावा. नेहमीची औषधे दोन दिवस अधिकची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. दर तासा-सव्वातासाने गाडी थांबवून चार पावले चालावे. पायांची सूज टळते. मोबाइलची रेंज जंगलात तुटते, म्हणून १०८ क्रमांकावर विसंबण्याआधी पुढच्या ग्रामीण रुग्णालयाचे ठिकाण विचारून ठेवावे.

सिरोंचा गाठलाच पाहिजे, असा हट्ट नको. पहिल्याच दिवशी थकवा जाणवला तर आष्टीहून परतावे. वैनगंगेच्या काठी तासभर बसून, चहा पिऊन, कुत्र्याला पाणी पाजून घरी येणे हाही पूर्ण प्रवासच आहे.