पाऊस पडतो, पाणी राहत नाही

झाशीची राणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण झाशी आहे कुठे, असं नातवंडांनी विचारलं तर? यमुनेच्या दक्षिणेला, विंध्य पर्वतापर्यंत जो खडकाळ मुलूख पसरला आहे तो बुंदेलखंड. झाशी त्यातच येते. थोडा भाग उत्तर प्रदेशात, थोडा मध्य प्रदेशात, बोली बुंदेली.

मराठी माणूस तिथे पोचला तो छत्रसाल राजामुळे. १७२९ साली बंगशाने या म्हाताऱ्या राजाला कोंडीत पकडलं, तेव्हा बाजीराव पेशवे मदतीला धावले. राजाने त्यांना राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. पुढे सागर, झाशी इथे मराठी सुभेदार आले.

मुलांनो, आणखी एक गंमत ऐका. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा नेमके शहरात सापडले! लूट, कत्तल सगळं त्यांनी पाहिलं आणि पुढे लिहून ठेवलं. ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. म्हणजे हा आपल्याच पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातला माणूस. आपल्यात पेणकर आहेतच की!

कोकणातल्या माणसाला तिथली जमीन परकीच वाटणार. खाली ग्रॅनाइटचा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. पाऊस वर्षाला साधारण ८०० ते १००० मिलिमीटर, म्हणजे जेरुसलेमपेक्षा जास्तच. पण तो बहुतेक सगळा तीन-चार महिन्यांत पडतो आणि वाहून जातो. चंदेल राजांनी हे ओळखलं होतं. त्यांनी बांध घालून पाणी अडवलं, तलाव केले. महोब्याचे कीरत सागर, मदन सागर हे तलाव नऊशे वर्षांच्या आसपास जुने आहेत. याच चंदेलांची खजुराहोची देवळं बघायला जगभरचे लोक जातात. तलाव कोण बघतो? मला विचाराल तर खरी करामत तलावांचीच.

पुढे कित्येक तलावांत गाळ साचला, देखभाल सुटली. आता पाऊस हुकला की तरुण माणसं दिल्लीकडे मजुरीला जातात, घरी म्हातारेकोतारे उरतात.

डिसेंबर २०२४ मध्ये केन नदीचं पाणी बेतवा नदीत नेण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यासाठी दौधन इथे धरण बांधायचं ठरलं आहे. त्यात पन्नाच्या वाघांच्या जंगलाचा काही भाग आणि काही गावं बुडणार. ज्यांच्या शेताला पाणी मिळणार ते वाट बघताहेत. ज्यांची घरं जाणार ते विरोध करताहेत.