चटईखालचा गंज

आमच्या घराची चूल एका जुन्या पिकअपवर चालते. गेल्या पावसाळ्यात क्लच दाबताना टाच खाली गेली. चटई उचलली, तर पत्र्यातून रस्ता दिसला! केबिन चेसिसवर धरणारे एक माउंटिंगही गंजून भुगा झाले होते.

"पुट्टी भर, रंग मार, विकून टाक," एका मित्राने सुचविले. मोहही झाला. पत्नी म्हणाली, "अहो, घेणाऱ्याच्या घरीही लेकरे असतील ना?"

मग दुरुस्तीच काढली. बॅटरी सोडली, सीट उतरवली, वायरिंग आणि डिझेलची नळी बाजूला घेतली. लाकडी फळी ठेवून केबिनला जॅकचा आधार दिला. चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापला. आधी माउंटिंगला जाड पत्रा, नवे रबर. मग तळाला 18 गेजचा पत्रा. वेल्डिंग सलग न मारता टाके घालत केले, नाहीतर पत्रा वाकतो. दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड मारले. पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजली होती, ती मोकळी केली.

तीन दिवसांचे भाडे बुडाले. पण आता पाय निर्धास्त टेकतो. बंधूंनो, महिन्यातून एकदा आपल्याही गाडीची चटई उचलून पाहा. ओली असेल तर वाळवा.